स्प्रिंग बूटच्या कंट्रोलरमधून प्लेन टेक्स्ट कसं पाठवायचं: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत फाटकापाशी एक स्क्रीन लावली आहे असं धरा. तिच्यामागचा छोटा संगणक दर पाच मिनिटांनी सर्व्हरला विचारतो आणि मिळेल ती ओळ दाखवतो: "गुरुवारी पाणी नाही". त्याला जेसन नको, एचटीएमएल नको, फक्त ती एक ओळ हवी. ती पाठवणारा सर्व्हर आपण स्प्रिंग बूटमध्ये, म्हणजे जावाच्या एका वेब फ्रेमवर्कमध्ये, लिहिणार आहोत. काम ऐकायला पाच मिनिटांचं आहे. पण हिंजवडीत किंवा खराडीत पहिल्याच प्रोजेक्टवर बसलेल्या माणसाचा अर्धा दिवस नेमका अशाच कामात जातो: कधी "टेम्प्लेट सापडत नाही" असा एरर येतो, कधी ४०६ (मागितलेल्या प्रकारात उत्तर देता येत नाही), आणि मराठी मजकूर असेल तर हमखास प्रश्नचिन्हांची रांग.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. सर्व्हर मजकूर पाठवतो तेव्हा सोबत एक लेबलही पाठवतो: हा मजकूर कोणत्या प्रकारचा आहे आणि कोणत्या एन्कोडिंगमध्ये लिहिला आहे. त्या लेबलाचं नाव कंटेंट-टाइप. ते तुम्ही लावलं नाहीत तर फ्रेमवर्क आपल्या मनाने लावतं, आणि मागणारा बदलला की लेबलही बदलतं. खालचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

क्लास, अ‍ॅनोटेशन आणि हेडर यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये रोमन लिपीत पहिली तीन-चार अक्षरं टाइप केली की ऑटो-कम्प्लीट पूर्ण नाव देईल. पत्तेही रोमनमध्येच ठेवा.

## काय काय लागेल

- जेडीके १७ किंवा पुढचा. स्प्रिंग बूट ३ ला १७ च्या खालचा चालत नाही.
- स्प्रिंग बूट ३ चा प्रोजेक्ट, मेव्हन किंवा ग्रेडल. डिपेंडन्सी एकच: स्प्रिंग वेब.
- इंटेलिजे किंवा व्हीएस कोड. फाइलचं एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना, ते खालच्या पट्टीत बघून घ्या.
- कर्ल, म्हणजे टर्मिनलवरून सर्व्हरला विनंती पाठवणारं साधन. ब्राउझर पुरेसा नाही. का ते तिसऱ्या पायरीत.

विंडोजवाल्यांसाठी: विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये नुसतं "कर्ल" लिहिलं की खरं कर्ल चालत नाही, त्याच नावाखाली पॉवरशेलची स्वतःची कमांड चालते आणि तिचे पर्याय वेगळे आहेत. नावाला ".ईएक्सई" जोडा, म्हणजे खरं कर्ल चालेल.

## १. कंट्रोलर लिहा, आणि अ‍ॅनोटेशन योग्य निवडा

कंट्रोलर म्हणजे विनंती घेऊन उत्तर देणारा क्लास. त्याच्यावर @रेस्टकंट्रोलर लावा. आत एक मेथड, तिच्यावर @गेटमॅपिंग आणि पत्ता "/सूचना". मेथडचा रिटर्न टाइप स्ट्रिंग. आत एकच ओळ: "गुरुवारी पाणी नाही" ही स्ट्रिंग परत करा.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे @रेस्टकंट्रोलरऐवजी नुसतं @कंट्रोलर लावणं. @कंट्रोलर असेल तर परत केलेली स्ट्रिंग म्हणजे मजकूर नव्हे, ते व्ह्यूचं, म्हणजे दाखवायच्या पानाचं, नाव आहे असं स्प्रिंग समजतं. मग थायमलीफ (टेम्प्लेटवरून एचटीएमएल पान बनवणारी लायब्ररी) प्रोजेक्टमध्ये असेल तर ते "गुरुवारी पाणी नाही" नावाचं टेम्प्लेट शोधतं आणि ५०० देतं. थायमलीफ नसेल तर बहुधा ४०४ मिळतो. आणि परत केलेला शब्द पत्त्याशीच जुळला तर "सर्क्युलर व्ह्यू पाथ" असा एरर येतो, ज्यावरून मूळ चूक ओळखणं नवख्याला अवघडच.

जुन्या @कंट्रोलर क्लासमध्येच एखादी मेथड घालायची वेळ आली, तर त्या एका मेथडवर @रिस्पॉन्सबॉडी लावा. @रेस्टकंट्रोलर म्हणजे @कंट्रोलर आणि @रिस्पॉन्सबॉडी हे दोन्ही एकत्र, दुसरं काही नाही.

## २. चालवा आणि हेडर बघा

अ‍ॅप्लिकेशन सुरू करा. पोर्ट आपोआप ८०८० असतं. मग कर्लला "-आय" हा पर्याय देऊन पत्ता द्या. हा आय स्मॉल हवा. कॅपिटल आय दिला तर फक्त हेडर येतात, मजकूर येत नाही. असं दिसायला हवं:

एचटीटीपी/१.१ २००
कंटेंट-टाइप: टेक्स्ट/प्लेन;कॅरसेट=यूटीएफ-८
कंटेंट-लेंग्थ: ५०

गुरुवारी पाणी नाही

तो ५० चा आकडा लक्षात ठेवा, पाचव्या पायरीत तोच कामाला येणार आहे.

## ३. आता मागणारा बदलून बघा

काहीही न सांगता कर्ल "काहीही चालेल" असं हेडर पाठवतं, म्हणून वर टेक्स्ट/प्लेन मिळालं. आता "-एच" (कॅपिटल) पर्यायाने अ‍ॅक्सेप्ट हेडर (कोणता प्रकार हवा ते सांगणारं) बदला.

अ‍ॅक्सेप्टमध्ये टेक्स्ट/एचटीएमएल द्या: तोच मजकूर येतो, पण लेबल टेक्स्ट/एचटीएमएल. ब्राउझर हेच मागतो. म्हणजे तुमचा "साधा मजकूर" ब्राउझरमध्ये एचटीएमएल म्हणून उघडतो. दिसायला फरक नाही, म्हणून ब्राउझरवर तपासणाऱ्याच्या हे कधीच लक्षात येत नाही. पण समजा मेथड पत्त्यातलं नाव घेऊन "नमस्कार, अमुक" असं परत करते आणि कुणी नावाच्या जागी स्क्रिप्टचा टॅग घातला, तर तो टॅग चालतो. हे गंभीर आहे: साध्या मजकुराच्या एंडपॉइंटला सुरक्षेचं भोक पडतं ते लेबल चुकल्यामुळे.

अ‍ॅक्सेप्टमध्ये अ‍ॅप्लिकेशन/जेसन द्या: लेबल जेसनचं, मजकूर मात्र तसाच, अवतरण चिन्हांशिवाय. हे वैध जेसन नाही. फ्रंटएंडवाला फेचच्या जेसन मेथडने वाचायला गेला की सिंटॅक्स एरर. मग दोन्ही टीम एकमेकींकडे बोट दाखवतात, आणि चूक कंट्रोलरमध्ये असते.

कारण सांगतो. स्ट्रिंग लिहिण्याचं काम स्ट्रिंग-एचटीटीपी-मेसेज-कन्व्हर्टर नावाचा क्लास करतो. तो टेक्स्ट/प्लेनही लिहितो आणि "कोणताही प्रकार" हेही मान्य करतो, शिवाय रांगेत जॅक्सनच्या (जेसन लिहिणाऱ्या लायब्ररीच्या) आधी उभा असतो. म्हणून स्ट्रिंग दिसली की तोच पुढे होतो आणि मागणाऱ्याने जे लेबल मागितलं ते लावून मोकळा होतो.

## ४. लेबल स्वतः लावा

दोन रस्ते आहेत. दोन्ही बरोबर, पण वागणं वेगळं.

पहिला, मॅपिंगमध्येच सांगायचं:

@गेटमॅपिंग(व्हॅल्यू = "/सूचना", प्रोड्युसेस = "टेक्स्ट/प्लेन;कॅरसेट=यूटीएफ-८")

दुसरा, रिस्पॉन्सएंटिटी परत करायची: ओके, मग कंटेंटटाइपमध्ये मीडियाटाइप, मग बॉडीमध्ये स्ट्रिंग. मीडियाटाइप बनवताना टेक्स्ट-प्लेन आणि यूटीएफ-८ हे दोन्ही द्या.

फरक असा. प्रोड्युसेस हे कोणती मेथड चालवायची ते ठरवण्याचाच भाग आहे. मागणाऱ्याने फक्त जेसन मागितलं, तर स्प्रिंग म्हणतं की असं देणारी मेथड माझ्याकडे नाही, आणि ४०६ देतं. तुमची मेथड चालतच नाही, म्हणून तिच्यात ब्रेकपॉइंट लावून बसणं व्यर्थ. रिस्पॉन्सएंटिटीमध्ये तुम्ही ठाम लेबल लावलं असेल तर वाटाघाट होत नाही: मागणारा काहीही मागो, त्याला टेक्स्ट/प्लेनच मिळतं.

माझं मत: मागणारे तुमच्या हातातले असतील तर प्रोड्युसेस घ्या, चुकीची मागणी लगेच उघडी पडते. फाटकावरच्या स्क्रीनसारखं जुनं यंत्र किंवा बाहेरची सिस्टिम विचित्र अ‍ॅक्सेप्ट पाठवत असेल आणि ती बदलता येत नसेल, तर रिस्पॉन्सएंटिटी.

तिसरा एक रस्ता जुन्या कोडमध्ये दिसतो: मेथडमध्ये एचटीटीपी-सर्व्हलेट-रिस्पॉन्स घ्यायचा आणि त्याच्या रायटरवर लिहायचं. शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर क्रम पाळा: आधी कंटेंट टाइप कॅरसेटसह, मगच रायटर मागायचा. रायटर एकदा हातात आला की नंतर दिलेलं कॅरसेट ऐकलं जात नाही, आणि कॅरसेट दिलंच नसेल तर सर्व्हलेटचा पूर्वापार नियम लागू होतो, तो आयएसओ-८८५९-१. इथे स्प्रिंग बूटही वाचवत नाही.

## ५. मराठी मजकूर: बिघाड कुठे झाला ते आकड्यावरून ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, कारण लोक एकामागून एक सेटिंग बदलत सुटतात. आधी मोजा, मग बदला.

"गुरुवारी पाणी नाही" या ओळीत कॉम्प्युटरच्या हिशेबाने १८ चिन्हं आहेत: १६ देवनागरी, कारण काना, वेलांटी, उकार हे स्वतंत्र धरले जातात, आणि २ मोकळ्या जागा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, मोकळ्या जागेला १. म्हणून ४८ अधिक २, एकूण ५०. कंटेंट-लेंग्थ काय येते ते बघा आणि खालच्या तीनपैकी आपला प्रकार ओळखा.

कंटेंट-लेंग्थ १८, आणि दिसतं "???????? ???? ????". सर्व्हरने मजकूर आयएसओ-८८५९-१ मध्ये लिहिला. त्या एन्कोडिंगमध्ये देवनागरी नाहीच, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह गेलं. मूळ मजकूर सर्व्हरवरच हरवला. मागणाऱ्याच्या बाजूला काहीही करून तो परत येणार नाही.

हे १८ कुठून येतात? स्प्रिंगच्या त्या कन्व्हर्टरचं मूळ कॅरसेट आयएसओ-८८५९-१ आहे. त्यामागे इतिहास आहे: १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या मानकात टेक्स्ट प्रकाराला कॅरसेट दिलं नसेल तर हेच धरा असं लिहिलं होतं. २०१४ च्या सुधारित मानकात ते वाक्य काढलं, पण सवय राहिली. स्प्रिंग बूट आपणहून या कन्व्हर्टरला यूटीएफ-८ देतं, म्हणून दुसऱ्या पायरीत सगळं नीट दिसलं. बूट नसलेल्या जुन्या स्प्रिंग एमव्हीसी प्रोजेक्टमध्ये तसं होत नाही.

आणि बूट असूनही कालपर्यंत चालणारं आज प्रश्नचिन्हं द्यायला लागलं, तर प्रोजेक्टमध्ये @एनेबलवेबएमव्हीसी शोधा. कुणीतरी कॉर्स (दुसऱ्या डोमेनवरून येणाऱ्या विनंत्यांची परवानगी) किंवा स्वॅगरसाठी (एपीआयची माहितीपानं बनवणारं साधन) कुठून तरी उचललेल्या कोडबरोबर ते आत येतं. ते आलं की बूटची वेब सेटिंग्ज पूर्ण बाजूला होतात आणि कन्व्हर्टर पुन्हा जुन्या कॅरसेटवर जातो. वेब-एमव्हीसी-कॉन्फिगरेशन-सपोर्ट हा क्लास एक्स्टेंड केला तरी तेच. उपाय: दोन्ही काढा आणि वेब-एमव्हीसी-कॉन्फिगरर हा इंटरफेस इम्प्लिमेंट करा. तोवर प्रोड्युसेसमध्ये कॅरसेट स्पष्ट लिहिलेलं असेल तर तो एंडपॉइंट या धक्क्यातून वाचतो, कारण लेबलावरचं कॅरसेट कन्व्हर्टर पाळतो. म्हणूनच चौथ्या पायरीत कॅरसेट लिहायचा आग्रह धरला.

कंटेंट-लेंग्थ ५०, पण दिसतंय भलतंच, डोक्यावर तिरकी रेघ असलेलं लॅटिन ए पुन्हा पुन्हा. बाइट बरोबर आहेत, वाचणारा चुकतोय. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट सारखाच असतो (हेक्समध्ये ई०), आणि आयएसओ-८८५९-१ समजून वाचलं की त्या बाइटचं ते रेघवालं ए होतं. म्हणून ते दर तीन अक्षरांनी परत येतं. ही खूण ओळखता आली की निम्मं काम झालं. लेबलावर कॅरसेट आहे का ते बघा. समोरून जावाचं साधं रेस्टटेम्प्लेट वाचत असेल तर त्यातही तोच कन्व्हर्टर बसलेला आहे, आणि कॅरसेट नसलेला मजकूर तो जुन्याच एन्कोडिंगने वाचतो. लेबल ठीक असेल तर टर्मिनलवर संशय घ्या: विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये "सीएचसीपी ६५००१" चालवून पुन्हा बघा, किंवा उत्तर फाइलमध्ये उतरवून व्हीएस कोडमध्ये उघडा.

कंटेंट-लेंग्थ दुप्पट किंवा त्याहून जास्त, शंभरीच्या आसपास वा पुढे. मजकूर कंपाइल होतानाच बिघडला. जावाची फाइल यूटीएफ-८ मध्ये, पण कंपायलरने ती विंडोजच्या एन्कोडिंगने वाचली. मग ती बिघडलेली अक्षरं इमानाने यूटीएफ-८ मध्ये गेली. जेडीके १८ पासून जावाचं डीफॉल्ट यूटीएफ-८ आहे, १७ वर विंडोजमध्ये नाही. मेव्हनमध्ये स्प्रिंग बूटचा पॅरेंट घेतला असेल तर तो सोर्स एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवतो. कंपनीचा स्वतःचा पॅरेंट असेल तर पॉम फाइलमध्ये प्रोजेक्ट-बिल्ड-सोर्सएन्कोडिंग ही प्रॉपर्टी स्वतः घाला. ग्रेडलमध्ये बूटचं प्लगिन हे करतं.

## ६. रिकामा मजकूर आणि एरर

स्ट्रिंगऐवजी नल परत केलं तर स्प्रिंग तक्रार करत नाही. २०० आणि रिकामी बॉडी जाते. स्क्रीन कोरी होते आणि लॉगमध्ये काहीच नसतं. सूचना नसेल तर मजकूर नाही हे २०४ ने सांगा, किंवा ४०४ सोबत एक स्पष्ट ओळ पाठवा.

एक्सेप्शन आलं तर बूट आपलं एरर जेसनमध्ये पाठवतं, आणि स्क्रीनवर महिरपी कंस उमटतात. मागणाऱ्याने फक्त टेक्स्ट/प्लेन मागितलं असेल तर जेसन देता येत नाही, म्हणून नुसता स्टेटस जातो. दोन्ही नको असेल तर त्याच कंट्रोलरमध्ये @एक्सेप्शनहँडलर लिहा आणि त्यातूनही टेक्स्ट/प्लेनची रिस्पॉन्सएंटिटी परत करा, स्टेटस ५०० सह. एक्सेप्शनचा मूळ मेसेज बाहेर पाठवू नका. त्यात टेबलांची नावं आणि फाइलचे पत्ते असतात.

फ्रंटएंडला सर्व्हरकडून मजकूर मागवायला अ‍ॅक्सिऑस असेल तर त्यांना एक सांगून ठेवा. अ‍ॅक्सिऑस लेबल न बघता प्रत्येक मजकूर जेसन म्हणून वाचून बघतं, जमलं नाही तर गुपचूप स्ट्रिंग ठेवतं. त्यामुळे तुम्ही रोमन अंकांत ४११०३८ हा पिन कोड साधा मजकूर म्हणून पाठवला तर तिकडे तो संख्या होऊन पोचतो. पण पुण्याचा एसटीडी कोड ०२० पाठवला तर स्ट्रिंगच राहतो, कारण शून्याने सुरू होणारी अशी संख्या जेसनला चालत नाही. एकच एंडपॉइंट, दोन वेगळे टाइप. रिस्पॉन्सटाइप "टेक्स्ट" देऊनही अ‍ॅक्सिऑस हे थांबवेलच असं धरू नका. त्यांनी ट्रान्स्फॉर्म-रिस्पॉन्समध्ये मजकूर जसाच्या तसा परत करणारं फंक्शन द्यावं.

## ७. कंपनीचा कॉमन रॅपर

मोठ्या प्रोजेक्टमध्ये बहुधा एक रिस्पॉन्सबॉडीअ‍ॅडव्हाइस असतं, जे प्रत्येक उत्तर स्टेटस, मेसेज, डेटा अशा डब्यात भरतं. तुमची मेथड स्ट्रिंग देते, अ‍ॅडव्हाइस तिला डब्यात घालतं, आणि क्लास-कास्ट एक्सेप्शन येतं: डब्याला स्ट्रिंग करता येत नाही. कारण कन्व्हर्टरची निवड अ‍ॅडव्हाइसच्या आधीच झालेली असते. स्ट्रिंगवाला कन्व्हर्टर हात पुढे करून उभा असतो, आणि त्याच्या हातात भलताच ऑब्जेक्ट पडतो.

बरेच जण डब्याची जेसन स्ट्रिंग करून एरर घालवतात. एरर जातो, पण प्लेन टेक्स्टही जातं; स्क्रीनला पुन्हा जेसन मिळतं. नीट उपाय अ‍ॅडव्हाइसच्या सपोर्ट्स मेथडमध्ये आहे: निवडलेला कन्व्हर्टर स्ट्रिंगवाला असेल तर फॉल्स परत करा. मात्र इतर कंट्रोलर स्ट्रिंग परत करून डब्यावर अवलंबून नाहीत ना, ते आधी तपासा. असतील तर @रेस्टकंट्रोलरअ‍ॅडव्हाइसला पॅकेज नेमून द्या आणि साध्या मजकुराचे कंट्रोलर वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवा.

## ८. टेस्ट

@वेबएमव्हीसीटेस्ट लावून मॉकएमव्हीसीने तपासा. कंटेंट टाइप तंतोतंत "टेक्स्ट/प्लेन" आहे का असं विचारलंत तर टेस्ट पडेल, कारण उत्तरात कॅरसेटही आहे. कंटेंट-टाइप-कम्पॅटिबल-विथ वापरा, किंवा कॅरसेटसह पूर्ण मूल्य द्या. मजकूर तपासताना स्ट्रिंगशी न जुळवता बाइटशी जुळवा: अपेक्षित ओळीचे यूटीएफ-८ बाइट काढा आणि कंटेंट-बाइट्सला द्या.

मॉकएमव्हीसी "स्टँडअलोन सेटअप"ने बनवलं असेल तर तिथे बूटचे कन्व्हर्टर येत नाहीत. त्यामुळे अ‍ॅप नीट चालत असूनही टेस्टमध्ये प्रश्नचिन्हं दिसू शकतात. प्रोड्युसेसमध्ये कॅरसेट लिहिलेलं असेल तर तिथेही बाइट ५० च येतात.